स्पॅनिश झाली, आता पुढची कोणती?

ताई, नमस्कार.
मी मूळची नाशिकची, वय २७, नोकरी पुण्यात. गेल्या वर्षी स्पॅनिशची डेले ही परीक्षा बी-२ पातळीची पास झाले. ऑफिसात मेक्सिको आणि कोलंबियातल्या ग्राहकांची बिलं, थकबाकी, तक्रारी असं सगळं माझ्याकडे असतं. दिवाळीनंतर ब्राझीलचं काम येतंय. मॅनेजर म्हणतात, "स्पॅनिश येतं ना, मग पोर्तुगीज निम्मं तर येतच असणार." आई म्हणते फ्रेंच शीक, उद्या नोकरी सोडलीस तरी शाळेत शिकवता येईल. मला स्वतःला इटालियन आवडते. कानावर पडली की बरं वाटतं, एवढंच कारण. पोर्तुगीज शिकलं की स्पॅनिश बिघडते असंही ऐकलंय. काय करू?
एक वाचक, पुणे

तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून 'तू'च म्हणते. पोर्तुगीज शीक. पण मॅनेजर म्हणतात त्या कारणासाठी नको, आणि ते म्हणतात तशी तर मुळीच नको.

माझ्यावर गुदरलेला एक प्रसंग सांगते. साल २००९. स्पॅनिश शिकवायला लागून मला दहा वर्षं झाली होती. चाकणच्या एका कारखान्यात ब्राझीलचे इंजिनिअर यायचे होते, पोर्तुगीजचा दुभाषी मिळेना, म्हणून मला बोलावलं. मीही 'जमेल' म्हणून गेले. मी स्पॅनिश बोलायचे ते त्यांना बहुतेक सगळं समजायचं. ते बोलायचे त्यातलं मला चार शब्दांतला एक कळायचा. दुपारी सुट्या भागांच्या बिलाचा विषय निघाला. त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ बिलावर बोट ठेवून अगदी शांतपणे म्हणाले, 'वामुस कोंतेस्तार.' स्पॅनिशमध्ये 'कोंतेस्तार' म्हणजे उत्तर देणं. मी सांगून टाकलं, "ते उत्तर पाठवतील म्हणतायत." सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा आला. पोर्तुगीजमध्ये 'कोंतेस्तार' म्हणजे हरकत घेणं. ते गृहस्थ सांगत होते की हे बिल आम्हाला मान्य नाही. कारखान्यातले लोक तीन आठवडे उत्तराची वाट बघत राहिले आणि आलं ते हरकतीचं पत्र. मी मानधन परत केलं, पण ते शब्द काही परत घेता आले नाहीत. आजही कुणी 'दोन्ही सारख्याच आहेत हो' म्हटलं की मला ते बिलावर ठेवलेलं बोट आठवतं.

तुझं काम बिलांचंच, म्हणून हे आधी सांगितलं. हा शब्द पहिल्याच आठवड्यात तुझ्या टेबलावर येईल. दुसराही असाच एक येईल, 'बोलेतो'. मेक्सिकोत बोलेतो म्हणजे बसचं नाहीतर सिनेमाचं तिकीट. ब्राझीलमध्ये बोलेतो म्हणजे बँकेत पैसे भरायची स्लिप, आणि तिकडे अनेक देणी त्यावरच भरली जातात. 'ओफिसिना' स्पॅनिशमध्ये कचेरी, पोर्तुगीजमध्ये वर्कशॉप, गॅरेज. आपल्याला हे नवं नाही. मराठी माणसानं हिंदीत 'मुलाला चांगली शिक्षा द्या' असं ऐकलं की पहिल्यांदा दचकायला होतंच; 'राग' आणि 'चेष्टा' हे शब्दही तसेच. हिंदी आपल्याला न शिकता समजते, म्हणूनच आपल्यातल्या पुष्कळांची हिंदी जन्मभर तशीच राहते. स्पॅनिशवाल्यांचं पोर्तुगीजच्या बाबतीत नेमकं हेच होतं. दोन्ही भाषांच्या शब्दसंग्रहाचं साम्य जवळजवळ ८९ टक्के सांगतात, इटालियनशी ८२, फ्रेंचशी ७५. हे आकडे छापील शब्दांचे आहेत. कानाला त्यांचा काही उपयोग नाही.

ब्राझीलच्या माणसाला आपली स्पॅनिश समजते आणि आपल्याला त्याचं बोलणं समजत नाही, याचं कारण साधं आहे. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, स्वच्छ आणि पूर्ण उच्चारलेले. पोर्तुगीजमध्ये नाकातले धरून त्याच्या दुपटीहून जास्त, आणि लिस्बनची माणसं तर आघात नसलेले स्वर गिळूनच टाकतात. ज्याच्या घरात जास्त खोल्या आहेत त्याला शेजारच्या छोट्या घरात वावरायला अडचण येत नाही. छोट्या घरातून मोठ्यात गेलेला मात्र भांबावतो.

त्या प्रसंगानंतर मी ४१व्या वर्षी पणजीला पोर्तुगीज शिकायला गेले. सलग तीन उन्हाळे, दर वेळी एक महिना. फोंताइन्यासमध्ये एक बाई शिकवायच्या. १९६१च्या आधी त्यांचं सगळं शिक्षण पोर्तुगीजमधून झालेलं, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, पाठ ताठ. पहिल्या दिवशी मी त्यांनी दिलेलं पान घडाघडा वाचलं आणि अर्थही सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. मग तेच पान त्यांनी वाचलं आणि मला ते माझंच पान आहे हे ओळखता येईना. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, कपाटात ठेवली, आणि आठवडाभर मला ती दिली नाही. रोज दोन तास फक्त ऐकायचं आणि म्हणायचं. कपाटाला कुलूप लावताना त्या मला म्हणाल्या 'आ शाव्ह', आणि आतून मोलकरीण आली तिला त्याच दमात कोंकणीत विचारलं, चावी खंय आसा? मी तिथे बसल्या बसल्या हललेच. किल्लीला स्पॅनिशमध्ये 'याबे'. पोर्तुगीजमध्ये 'शाव्ह', ब्राझीलमध्ये तर 'शावी'. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक इथे आले तेव्हा त्यांच्या तोंडी हा उच्चार 'च'नेच सुरू व्हायचा. पुढे त्यांच्याकडे 'च'चा 'श' झाला. आपण त्यांचा जुना उच्चार खिशात घेऊन फिरतोय.

हीच किल्ली तुला शंभर शब्द उघडून देईल. लॅटिनमधल्या 'क्ल', 'प्ल', 'फ्ल'चा स्पॅनिशमध्ये बऱ्याच ठिकाणी 'य' झाला आणि पोर्तुगीजमध्ये 'श'. पाऊस: युबिया, शुवा. हाक मारणं: यामार, शामार. पोचणं: येगार, शेगार. रडणं: योरार, शोरार. भरलेलं: येनो, शेयु. दुसरी गोष्ट, दोन स्वरांच्या मध्ये सापडलेले 'न' आणि 'ल' पोर्तुगीजनं टाकून दिले. लुनाचं लुआ, कोलोरचं कोर, दोलोरचं दोर, सालिरचं साइर. जिथे 'न' पूर्ण गेला नाही तिथे तो नाकात जाऊन बसला: पानचं पांव, मानोचं मांव, कोरासोनचं कोरासांव. हा पांव म्हणजे आपला बेकरीतला पाव. माझे वडील वेंगुर्ल्याचे, घरात मालवणी. नाकातले स्वर मला लहानपणापासून ऐकून माहीत होते, आणि त्या बाईंनी कौतुक केलं ते तेवढ्याच एका गोष्टीचं. तुला मालवणी येत नसेल तर जुन्या पद्धतीनं अनुस्वार उच्चारणारं घरातलं कुणी म्हातारं माणूस ऐक. 'तेथें', 'जेथें' म्हणताना शेवटचा स्वर नाकात जातो ना, तसाच.

पगार, लिलाव, घमेलं, कोबी, बटाटा, फीत, बिजागरी. स्पॅनिशमध्ये 'पगार' आणि 'बिसाग्रा' सापडतील, पण लिलावाला तिथे 'सुबास्ता' म्हणतात आणि बटाट्याला 'पापा' किंवा 'पाताता'. म्हणजे हे शब्द आपल्याकडे कुणाच्या जहाजातून उतरले ते अगदी उघड आहे. कधी रेवदंड्याला गेलीस तर खाडी ओलांडून कोर्लईला जा. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या संगमातून तयार झालेली बोली आजही घरात बोलतात. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, आमची भाषा. शब्द पोर्तुगीज, आणि क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा पुलावरून परत यायला मन होईना.

व्याकरणात दोन ठिकाणी तुला ठेच लागेल. 'मला आवडतं' हे मराठीत, स्पॅनिशमध्ये, इटालियनमध्ये एकाच घडणीचं आहे: मे गुस्ता, मी प्याचे, गोष्ट कर्ता आणि 'मला' चतुर्थीत. म्हणून आपल्या मुलांना स्पॅनिशचं हे वाक्य एका तासात येतं, इंग्रजी माध्यमात विचार करणाऱ्यांना महिना लागतो. पोर्तुगीज मात्र 'मी' वापरते, आणि पुढे एक शब्दयोगी जोडते: 'गोस्तु जी'. तोंडात स्पॅनिशच येणार, कितीही ठरवलं तरी. दुसरं, 'तुला जमेल तेव्हा' हे म्हणायला पोर्तुगीजमध्ये क्रियापदाचं एक वेगळंच भविष्यकाळी रूप आहे. स्पॅनिशमध्ये ते एके काळी होतं, आता कायद्याच्या कागदांत तेवढं उरलंय. ब्राझीलमध्ये रिक्षावाल्याच्याही तोंडी आहे. 'कुआंदु पुदेर' हे वाक्य ऑफिसच्या प्रत्येक दुसऱ्या ईमेलमध्ये दिसेल, ते पहिल्या महिन्यातच पाठ कर.

आणि वार. सोमवार ते शुक्रवार आपले वार आणि स्पॅनिश वार जुळे आहेत, सोम म्हणजे लुनेस, मंगळ मार्तेस, बुध मिएर्कोलेस, तेच ग्रह, तोच क्रम. इटालियन, फ्रेंच, रोमानियन, सगळीकडे हेच. पोर्तुगीजमध्ये मात्र सोमवार म्हणजे 'दुसरा', मंगळवार 'तिसरा'. सहाव्या शतकात ब्रागाचे बिशप मार्तिन्यु यांनी वारांना मूर्तिपूजकांच्या देवांची नावं नकोत असा आग्रह धरला होता, आणि या भाषेनं तो पाळला. मीटिंग ठरवताना जपून. 'किंता' म्हणजे पाचवा, तो गुरुवार. पाचवा म्हणून शुक्रवार समजून बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

आईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. शाळेत शिकवायचं असेल, किंवा कॅनडाला जायचा विचार असेल, तर फ्रेंचला तोड नाही. पुण्या-मुंबईत आलियॉन्स फ्रान्सेजचे वर्ग आहेत, डेल्फच्या परीक्षा इथेच होतात, हाताशी सगळं आहे. तुझ्या पत्रात मात्र फ्रेंच बोलणारं एकही माणूस नाही. इटालियन बोलणारंही नाही, तरी इटालियनचं मला जास्त वाईट वाटतं, कारण मराठी जिभेला ती फार लवकर येते. 'चमचा'तला च आपण म्हणतो तो त्यांच्या 'पिझ्झा'तल्या झेडचा उच्चार. दुहेरी व्यंजनं स्पॅनिशवाल्यांना ऐकूच येत नाहीत, आपल्याला येतात: त्यांचं नोनो म्हणजे नववा आणि नोन्नो म्हणजे आजोबा, आपलं पता आणि पत्ता. आवडते ना, मग दोन-तीन वर्षांनी घे. आवडीची भाषा वाट बघते. कामाची बघत नाही.

तर असं कर. ब्राझीलचीच पोर्तुगीज घे, लिस्बनची नको. तुझे ग्राहक 'बों जिया' म्हणणार आहेत, 'दिया' नाही, आणि रिओला 'हिउ' म्हणणार आहेत. पहिले सहा आठवडे अभ्यासात वाचन बंद. रोज अर्धा तास ब्राझीलच्या रेडिओवरच्या बातम्या, त्यातली दोन मिनिटं पुन्हा पुन्हा, त्यांच्याबरोबर मोठ्यानं म्हणायची. शिक्षक ब्राझीलचा मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर ऑनलाइन आठवड्यातून दोन तास. एक वही फक्त फसव्या शब्दांची. स्पॅनिश बिघडेल का? बिघडेल, चार-पाच महिने. 'मुय'च्या जागी 'मुइंतु' येईल, मेक्सिकोचा माणूस फोनवर थबकेल. बी-२ पर्यंत पोचलेली भाषा परत येते, फक्त तिला रोज पंधरा मिनिटं वेगळी दे, शक्यतो सकाळी, आणि त्या वेळात पोर्तुगीजचा एक शब्द नको. पुढे सर्टिफिकेट हवं झालं तर ब्राझीलची सेल्पे-ब्रास ही परीक्षा आहे. पातळीनुसार वेगवेगळ्या परीक्षा नाहीत, एकच पेपर आणि गुणांवरून पातळी ठरते.

मॅनेजरांना एवढं सांग की पहिले तीन महिने तू ब्राझीलच्या लोकांना लेखी उत्तरं देशील, फोनवर बोलणार नाहीस. हे स्पष्ट सांगायला लाजू नकोस. मी सांगायला हवं होतं.

---

नमस्कार. मी सांगलीची, वय ६३, बँकेतून निवृत्त. लेक-जावई आठ वर्षं बार्सिलोनात आहेत, नातू पाच वर्षांचा. दर वर्षी तीन महिने तिथे राहते म्हणून जिद्दीनं स्पॅनिश शिकले, आता बाजारहाट, डॉक्टर सगळं एकटी करते. पण नातू शाळेतून आला की भलतंच काही बोलतो, गाणी म्हणतो, मला एक अक्षर कळत नाही. लेक म्हणते, "आई, सगळ्यांना स्पॅनिश येतं, तू कशाला त्रास करून घेतेस." पुढची भाषा म्हणून मी फ्रेंच किंवा इटालियन घ्यावी असं मनात आहे, सांगलीत बसून ऑनलाइन वर्ग सहज मिळतात. तुमचा सल्ला?

तुम्ही कातालान घ्या, बार्सिलोना ज्या कातालोनिया प्रांतात आहे तिथली भाषा. विचारसुद्धा करू नका.

लेकीचं खरं आहे, कातालान नाही आली म्हणून तुमचं कुठेही अडणार नाही. दुकानदार, डॉक्टर, शेजारी, सगळे स्पॅनिशमध्ये उत्तर देतील. पण नातू ज्या भाषेत अक्षरं गिरवतोय, भांडतोय, गाणी म्हणतोय ती कातालान आहे. तिकडच्या सरकारी शाळांत शिकवण्याची मुख्य भाषा तीच. १९३९ ते १९७५ या स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत तिला शाळेतून आणि सरकारी व्यवहारातून हद्दपार केलेलं होतं. तुमच्या वयाची तिथली माणसं घरात कातालान बोलून शाळेत फक्त स्पॅनिश शिकली आहेत. १९८३च्या कायद्यानं ती शाळेत परत आली. म्हणून बागेत बसलेल्या एखाद्या आजीला तुम्ही नुसतं 'बोन दिया' म्हणालात, 'सिस प्लाउ' म्हणून वाट मागितलीत, तरी तिचा चेहरा बदललेला दिसेल. आपल्याकडे बाहेरून आलेलं माणूस चार शब्द मराठी बोललं की आपण त्याला पाट मांडतो, तसंच.

तुमची स्पॅनिश पक्की आहे, त्यामुळे निम्मी वाट चाललेलीच आहे. उरलेली निम्मी फ्रेंच-इटालियनच्या बाजूनं जाते. टेबल 'ताउला', खिडकी 'फिनेस्त्रा', बोलणं 'पर्ला', जेवणं 'मन्झा'. कुत्रा मात्र 'गोस', तो कुणासारखाच नाही. नातवाकडून तोच शब्द पहिला शिका.

एका जागी सांभाळा, नाहीतर घरात रोज गोंधळ होईल. स्पॅनिशमध्ये 'बोय आ कोमेर' म्हणजे मी जेवणार आहे. कातालानमध्ये 'बाच मन्झा' म्हणजे मी जेवले. 'जाणे' क्रियापदाचं तेच रूप, पुढे तसंच मूळ क्रियापद, आणि अर्थ भूतकाळाचा! पुष्कळ भाषांत 'जातो' लावलं की भविष्य होतं, इथे झालेलं सांगतात. मधला तो छोटासा 'आ' असला तर भविष्य, नसला तर भूतकाळ. नातू 'बाच मन्झा' म्हणाला तर तो 'जेवायला जातो' म्हणत नाही, काल-परवा जेवला ते सांगतोय. ताट वाढायला घेऊ नका, काय खाल्लंस ते विचारा.

शिकायला पैसे फारसे लागणार नाहीत. पार्ला-पुंत-कात या नावाची कातालान सरकारची ऑनलाइन शिकवणी आहे, सांगलीत बसून करता येईल. बार्सिलोनात गेल्यावर गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. शहरात कातालान बोलणाऱ्या माणसाची आणि शिकणाऱ्याची जोडी लावून देतात, दर आठवड्याला तासभर नुसत्या गप्पा मारायला. साठी ओलांडलेल्यांना हा तास वर्गापेक्षा जास्त मानवतो असा माझा अनुभव आहे. एप्रिलमध्ये जाणं होत असेल तर २३ तारखेला घरी थांबू नका. त्या दिवशी सान जोर्दीचा सण, रस्त्याभर पुस्तकांची आणि गुलाबांची दुकानं लागतात, लोक एकमेकांना पुस्तक आणि गुलाब देतात. नातवासाठी त्याच्या वयाचं कातालान पुस्तक तुमच्या हातानं निवडा, आणि घरी आल्यावर त्यालाच वाचून दाखवायला सांगा. तो वाचेल तिथे बोट ठेवून तुम्ही ऐका.

शाळेच्या फाटकाशी मुलं आजीला 'याया' म्हणून हाक मारताना ऐकाल. तुमच्या नातवाला 'आजी'च म्हणू द्या. तो शब्द त्याला तुमच्याशिवाय दुसरं कोण देणार?

---

मॅडम, मी वसईचा, इतिहासात एम.ए. करतोय. मराठे-पोर्तुगीज संबंधांवर काम करायचं आहे. मोडी येते. हौसेनं स्पॅनिश बी-१ पर्यंत केली. पोर्तुगीज नव्यानं शिकावी लागेल, की स्पॅनिशवर कागद वाचता येतील?

नुसत्या स्पॅनिशवर वाचायला जाऊ नकोस, पण वर पहिल्या पत्राला जे सांगितलं त्याच्या अगदी उलट सांगते. तू कान बाजूला ठेव. तुला बोलायचं नाही, वाचायचं आहे, आणि वाचण्यासाठी तुझी स्पॅनिश खरोखरच अर्धं काम करून देईल. सहा महिने रोज एक तास व्याकरण घोट, क्रियापदांची रूपं सगळी, कारण कागदात 'केलं', 'केलं असतं' आणि 'करील तर' यांत इतिहास बदलतो. आजच्या ब्राझीलच्या बातम्या तुझ्या कामाच्या नाहीत. एकोणिसाव्या शतकातलं छापील गद्य आधी वाच, मग अठराव्याकडे सरक, मग हस्तलिखितं.

पणजीच्या पुराभिलेखागारात 'लिव्रुस दाश मोंसोंइश' नावाची बाडं आहेत, गोवा आणि लिस्बन यांच्यामधल्या पत्रव्यवहाराची. नावाचा अर्थ 'मोसमांची पुस्तकं', कारण जहाजं मोसमी वाऱ्यावर जात-येत आणि पत्रंही त्यांच्याबरोबरच. मोंसांव हा शब्द अरबीतून आलेला, आपल्या मोसमाचा सख्खा भाऊ. गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्य याच दप्तरात घातलं. त्यांनी छापलेले उतारे आधी वाच, मग मूळ बाड मागव आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळ ओळ जुळव. हस्ताक्षराची भीती मोडी वाचणाऱ्याला नको. तिथेही शब्द तोडून लिहिलेले असतात, 'के'साठी (म्हणजे आपलं 'की') नुसतं एक अक्षर आणि वर रेघ, 'सदरहू'च्या जागी 'दितु'चं पहिलं अक्षर आणि वर बारीकसा शेवटचा स्वर. आपल्या कारकुनांचीही हीच सवय होती.

पहिल्या दिवशी एकच काम कर. एक बाड घे आणि त्यात फक्त 'सेवाजी' हा शब्द शोध. महाराजांचं नाव ते असंच लिहीत. हात बदलला की अक्षराचं वळण बदलतं. पाच लेखनिकांच्या हातचं ते नाव ओळखता आलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या आजूबाजूचं वाक्य वाचायला घे.